साळवे सर आणि मनीषाचा गुडघा

साळवे सर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघत. जामखेडच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये बाकीच्यांनी माझं नाव विचारलं, माहेर विचारलं, मिस्टर कुठं असतात ते विचारलं. साळवे सर कोपऱ्यातल्या खुर्चीतून माझ्या साडीच्या निऱ्यांकडे बघत बसले होते. आता याला काहीतरी बोलावं असं माझ्या मनात आलं, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्या राहता तेव्हा सगळा भार डाव्या पायावर टाकता. चाळिशीनंतर त्रास होईल." आणि उठून मैदानावर निघून गेले.

चाळिशी उलटून आता बरीच वर्षं झाली. त्रास होतो. डाव्याच पायाला.

ते खेळाचे शिक्षक होते. उंच, सावळे, गळ्यात शिट्टी, आणि आत्ताच कुणीतरी आपल्याला फसवलंय असा चेहरा. सव्वीस जानेवारी आणि चौदा एप्रिल सोडले तर अंगात कायम निळा ट्रॅकसूट. स्टँडजवळ एका खोलीत एकटे राहत. लग्नाचं विचारलं की "वेळ कुठंय?" म्हणत, आणि विचारणाऱ्याकडे अशा नजरेनं बघत, की त्यांचा वेळ त्यानंच खाल्ला असावा.

त्यांचा संताप चोवीस तास तयार असे आणि त्याची सुरुवात एकाच वाक्यानं होई. "कुणाला विचारून?" नगरची एसटी रद्द झाली, कुणाला विचारून? नववीच्या वर्गात पाठ नसलेले बाक आणले, कुणाला विचारून? एकदा जूनमध्ये आभाळ गच्च भरून आलं आणि थेंब न टाकता बीडच्या दिशेनं निघून गेलं. सर मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून वर बघत उभे होते. ओठ हलत होते. काय म्हणत असतील ते आम्ही ओळखलं.

तोंडी बोलून भागलं नाही की ते अर्ज लिहीत. हेडमास्तरांनी त्यांच्या अर्जांसाठी वेगळी फाईल केली होती आणि तिच्यावर नुसतं 'साळवे' असं लिहिलं होतं. ती फाईल कपाटात मावेनाशी झाल्यावर कपाटावर ठेवली गेली. त्याबद्दलही एक अर्ज आला.

मुलींची कबड्डी ही त्यांची एकुलती एक माया. मुलगी खेळावी म्हणून ते वाड्यावस्त्यांवर जाऊन तिच्या घरासमोर उभे राहत आणि बाप हो म्हणेपर्यंत हलत नसत. मनीषाला त्यांनी असंच आणलं. ती शाळेपासून कोसभर लांबच्या वस्तीवरची. वडिलांची ज्वारीची कोरडवाहू शेती. मुलगी काटकुळी, वर्गात आवाज म्हणून नाही. पण चढाईला गेली की समोरच्या सात जणी एकमेकींवर आदळत, आणि ही मध्यरेषेवर परत येऊन डोक्यातली पिन नीट करत उभी असे. सर तिचं तोंडावर कौतुक कधी करत नसत. "डावा गुडघा आत वळतोय," एवढंच म्हणत. तो त्यांचा सर्वोच्च पुरस्कार होता, कारण बाकीच्या मुलींना ते काहीच म्हणत नसत.

ती नववीत असताना शाळेत कुणा पाहुण्यांचा सत्कार झाला. मांडव घातला कबड्डीच्या मैदानावर, आणि मांडव निघाल्यावर खांबांचे खड्डे तसेच राहिले. सरांनी अर्ज दिला. उत्तर आलं नाही, तेव्हा स्वतः फावडं घेतलं. दुसऱ्याच दिवशी सराव सुरू झाला. मनीषा चढाईहून परत फिरताना तिचा डावा पाय एका खड्ड्यात अडकला आणि वरचं अंग फिरलं. मी वर्गात शिकवत होते. मला तो आवाज ऐकू आला नाही, पण मैदानावरच्या मुली नंतर सांगत, वाळकी काटकी मोडावी तसा झाला.

हेडमास्तरांनी रजिस्टरमध्ये 'विद्यार्थिनी स्वतःच्या चुकीने घसरली' असं लिहिलं. ते वाचून सर इतके भडकले की त्यांना 'कुणाला विचारून'सुद्धा आठवेना.

नगरच्या एका डॉक्टरांनी पाय सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवला. प्लॅस्टर निघालं, मनीषा चालायला लागली आणि वळताना गुडघा दगा देऊ लागला. हंडा घेऊन वळली, पडली. बांधावरून उतरली, पडली. पुन्हा नगरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की आतला लिगामेंट पूर्ण तुटलाय. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी म्हणजे हा लिगामेंट. तो आपोआप सांधला जात नाही. मग म्हणाले, मुलीच्या जातीला कबड्डी कशाला हवी, आता जपून चालायचं आणि दोन-तीन वर्षांनी लग्नाचं बघायचं.

 बाहेर आल्यावर साळवे सरांनी रसवंतीच्या बाकावर बसून शंभर पानी वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'हे मला पटलेलं नाही.'

पुण्याला जायचं ठरलं. मनीषाच्या आईनं कधी पुणं बघितलेलं नव्हतं, म्हणून सोबत मी. आम्ही चौघं सकाळच्या एसटीनं निघालो. घाटाअलीकडे गाडी बंद पडली, तेव्हा मनीषा आणि तिची आई खाली उतरून सावलीला बसल्या. मी आणि सर गाडीतच होतो. मला वाटलं, आता कंडक्टरचं काही खरं नाही. पण सर खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाले, "खड्डे मी मोजले होते, बाई. बारा होते. अकरा बुजवले आणि अंधार पडला. म्हटलं, एक उद्या करू." आणि लगेच गाडीच्या इंजिनाबद्दल काहीतरी बोलायला लागले. 

पुण्याचे ते मोठे सर्जन घाईत होते. तुटलेल्या दोरीच्या जागी मनीषाच्याच अंगातली दुसरी दोरी काढून बसवायची, असं त्यांनी सांगितलं. गुडघ्याच्या वाटीखाली जी रुंद पट्टी असते, तिचा मधला भाग काढायचा, दोन्ही टोकांना हाडाचा एकेक तुकडा ठेवायचा. हाडात हाड बसतं, लवकर धरतं, सगळ्यात मजबूत. क्रिकेटवाल्यांना ते हेच करत. नाहीतर मुलगी सतरा-अठराची होईपर्यंत थांबा, म्हणाले. हे सगळं त्यांनी सरांकडे बघून सांगितलं. मनीषाच्या आईनं पदर सावरत विचारलं, "पर तिला गुडघं टेकून बसता येईल का वो?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, गुडघे टेकल्यावर थोडं दुखतं काही जणांना, पण त्याचं काय एवढं?

"त्याचं काय एवढं," असं ती माउली परतीच्या वाटेवर तीनदा स्वतःशी म्हणाली. खुरपायला बसायचं, चुलीपुढं बसायचं, जात्यापुढं बसायचं. तिचा सगळा दिवस जमिनीला लागून जायचा. मला त्या डॉक्टरांचा राग आला. आणि साळवे सरांचाही, कारण तेही तिला म्हणाले, "खुरपणीचं काय घेऊन बसलात, पोरगी राज्यावर खेळायची आहे."

त्यानंतरचे दोन महिने आमच्या शाळेनं जे भोगलं ते मी थोडक्यात सांगते. सरांनी वहीत रकाने आखले. पहिल्यात वाटीखालची पट्टी. दुसऱ्यात मांडीच्या मागच्या दोन लांब दोऱ्या, ज्या काढून दुहेरी करून बसवतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तिसऱ्यात 'थांबणे'. चौथ्यात मेलेल्या माणसाची दोरी, जी परदेशात वापरतात. ते ऐकून मनीषाच्या वडिलांनी हातातली तंबाखू टाकून दिली आणि चौथा रकाना तिथंच संपला. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात कारकून असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून सरांनी इंग्रजी लेखांच्या झेरॉक्स मागवल्या आणि माझ्यापुढं टाकल्या. मी दहावीपर्यंतचं विज्ञान शिकवणारी बाई. डिक्शनरी घेऊन वाचायचे आणि मधल्या सुट्टीत सांगायचे. प्रत्येक लेखाचा डॉक्टर दुसऱ्याच्या विरुद्ध बोलत होता. सर म्हणायचे, "मग हे सगळे मिळून एकदा बसत का नाहीत?"

एकच गोष्ट मात्र सगळ्या कागदांत परत परत येत होती. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची एक रेघ असते, तिला धक्का लावू नये. लागला तर तो पाय वाकडा वाढतो किंवा आखूड राहतो. सरांना हे पटेना. हाड म्हणजे हाड, त्यात रेघ कसली?

ते तडक बाबूभाईंच्या मटणाच्या दुकानात गेले. बाबूभाईंनी शांतपणे दोन तंगड्या काढून दिल्या, एक जून बोकडाची आणि एक कोवळ्याची. म्हणाले, "सर, यात काय शिकायचं? कोवळ्याचं हाड सांध्यात नाही सुटत. सांध्याच्या जरा खाली सुटतं. तिथं ते अजून कच्चं असतं." आणि हातानं मोडून दाखवलं. टोक अलगद निघालं. आत दोन्ही बाजूंनी हाड, आणि मध्ये मऊ, पांढरा, पातळ थर.

दुसऱ्या दिवशी दोन्ही तंगड्या स्टाफरूमच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर. हेडमास्तर माळकरी. ते हजेरीपत्रक घ्यायला आले आणि दारातच थांबले. सर स्केलपट्टीनं दाखवत होते, "हे बघा, या कच्च्या थरातून भोक पाडून त्यात हाडाचा तुकडा ठोकला, तर पुढं वाढ होईल कशी? दार उघडायच्या जागी भिंत बांधल्यासारखं झालं. मऊ दोरी नेली तर निदान वाढीला वाट राहते." मग हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "सर, या ना. तुम्हालाही समजेल." हेडमास्तर तीन दिवस स्टाफरूममध्ये आले नाहीत. त्या वर्षी साळवे सरांना पहिला मेमो मिळाला, आणि तो त्यांनी वहीत चिकटवला.

पण वही भरत गेली तसे ते अडकत गेले. वाटीची पट्टी मजबूत, पण वाढीच्या रेघेला धोका, वर गुडघे टेकताना दुखणार. मांडीच्या दोऱ्यांनी रेघेला धोका कमी, पण हाडात धरायला वेळ लागणार, आणि पाय पूर्ण दुमडतानाची ताकद थोडी कमी होणार. पाय दुमडून पकड सोडवणं हीच तर मनीषाची खेळी होती. थांबावं, तर गुडघा रोज सरकतोय, आतली गादी फाटत जाणार. रोज सकाळी सरांचं मत वेगळं असे आणि रोज ते तितक्याच संतापानं मांडत, जणू कालचं मत मीच दिलं होतं.

शेवटी झेरॉक्स पाठवणाऱ्या विद्यार्थ्यानंच एका धर्मादाय दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांचं नाव कळवलं. आम्ही चौघं पुन्हा पुण्याला. या डॉक्टरांनी आधी मनीषाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला.

"गुडघा तुटलाय आणि फोटो मनगटाचा? कुणाला विचारून?" सर उभेच राहिले.

डॉक्टरांनी त्यांना बसवलं. हाताच्या हाडांवरून कळतं म्हणाले, अजून किती वाढ शिल्लक आहे ते. मग त्यांनी मनीषाच्या आईला विचारलं की मुलीची पाळी कधी सुरू झाली. साळवे सर तत्काळ बाहेर गेले आणि पंधरा मिनिटं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. आत आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते, आणि पुढं वर्षभर जामखेडच्या प्रत्येक माणसाला ते मनगटाच्या फोटोचं महत्त्व असं सांगत होते की तो शोध त्यांनीच लावला असावा.

मनीषाची वाढ अजून दोन-तीन वर्षं होणार होती. डॉक्टरांनी सरांची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. हसले नाहीत. एका ठिकाणी पेन्सिलीनं दुरुस्ती केली. मग म्हणाले, "सर, तुम्ही सगळ्यांचं लिहिलंय. हिचं कुठं आहे?"

सरांना प्रश्न कळला नाही. डॉक्टर मनीषाकडे वळले. खुर्ची पुढं ओढून तिच्यासमोर बसले आणि तिला विचारलं की तुला काय पाहिजे.

मनीषानं आईकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मग आपल्या चपलांकडे बघत म्हणाली, "मला दोनी पाय सारखे पायजेत. आमच्या वस्तीवर एक बाई हाय, तिचा पाय आखूड हाय. तिला सगळे लंगडी म्हनतेत. तिचं नावच कुनाला म्हाईत न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "कबड्डी नंतर बगू."

 मी साळवे सरांकडे बघायचं टाळलं. दोन महिने आम्ही त्या पोरीच्या गुडघ्यावरून भांडत होतो, बोकडाचे पाय मोडत होतो, आणि तिच्या बाकापाशी जाऊन तिला विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. मी तर रोज तिच्या वर्गावर जात होते.

सरांनी वही घेतली, वाटीच्या पट्टीच्या रकान्यावर तिरकी रेघ मारली आणि वही बंद केली.

मांडीच्या दोन दोऱ्या घेऊन ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी भोकं लहान पाडली, रेघेच्या मधोमध सरळ नेली, हाडाचा तुकडा कुठं ठेवला नाही. पुढं वर्षभर व्यायाम. त्यासाठी साळवे सर दर रविवारी सायकल मारत वस्तीवर जाऊ लागले. सुरुवातीला ते बाहेर ओट्यावर बसूनच पाय किती वाकवायचा, किती ताणायचा ते ओरडून सांगत. पाणी बाटलीतून नेत. चहा विचारला तर घरून पिऊन आलोय म्हणत. का, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशा सात-आठ रविवारांनंतर एकदा मनीषाची आई दारात येऊन म्हणाली, "सर, आत या. भाकरी निवती हाय." आत चुलीपुढं पाच ताटं मांडली होती. घरात माणसं चार होती. सरांनी बूट काढले. त्या दिवसापासून रविवारचं जेवण तिथंच.

मनीषा दहावीत पुन्हा खेळली. तालुक्याच्या दोन मॅचेस. एक जिंकली, एक हरली. चढाई पूर्वीसारखी राहिली नव्हती. वळायच्या आधी ती एक क्षण थांबायची. दहावीनंतर तिनं सांगितलं की आता बास. मी सरांच्या स्फोटाची वाट बघत राहिले. ते म्हणाले, "बरं," आणि मैदानावर फक्कीनं रेघा मारायला निघून गेले.

पण वस्तीवर जाणं थांबलं नाही. आता पायांची मोजणी होती. शिंप्याची टेप. वरचं टोक मनीषाची आई कमरेच्या हाडाशी धरी, खालचं सर घोट्याशी. डॉक्टरांनी तीन महिन्यांतून एकदा मोजायला सांगितलं होतं. सर दर रविवारी मोजत. एवढ्यांदा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, पाय काय तीन महिने विचारून थांबणार आहे?

मनीषा बारावीत असताना डॉक्टरांनी पुन्हा मनगटाचा एक्स-रे काढला. वाढीच्या रेघा मिटल्या होत्या. दोन्ही पाय सारखे. आता दाखवायला यायची गरज नाही, म्हणाले. पुढच्याच रविवारी मनीषाच्या घरच्यांनी मलाही हुरड्याला बोलावलं. आगटी पेटवली होती, मनीषा उकिडवी बसून कणसं भाजत होती. सगळे खाऊन उठले तरी ती तशीच बसून होती, आणि तिची आई तिच्याकडे बघत उगाचच शेंगदाण्याची चटणी पुन्हा पुन्हा वाढत होती.

निघताना सरांनी टेप काढली. मनीषा हसून म्हणाली की डॉक्टरांनी नको सांगितलंय. तरी ती आडवी झाली आणि आईनं टोक धरलं. सरांनी डावा पाय मोजला, उजवा मोजला. आकडा सारखा आला. त्यांनी पुन्हा डावा मोजला. मग पुन्हा उजवा. मग टेप गुंडाळून मनीषाच्या आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेवा घरात. कापड बिपड मोजायला होईल."

फाट्यापर्यंत आम्ही दोघं चालत आलो. ते सायकल हातात धरून चालत होते. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. वाटेत ऊसवाला ट्रॅक्टर आमच्या अंगावर धूळ उडवत गेला. सर त्याला काही बोलले नाहीत. फाटा दिसायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, लोक रविवारी काय करतात हो?"

मी सांगायला तोंड उघडलं. कपडे धुतात, डोक्यावरून न्हातात, मटण आणतात, पाहुण्यांकडे जातात. यातलं काहीच मला म्हणता येईना. मी म्हणाले, पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला या.  त्यांनी सायकलचं हँडल नुसतं थोडं सरळ केलं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेआठलाच आमच्या दारात सायकलची घंटी वाजली. मी बाहेर येऊन बघितलं, तर साळवे सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात पेरूची पिशवी घेऊन उभे होते. स्वयंपाकाला अजून तीन तास होते. मी म्हणाले, या ना, आत बसा.